धोट्याला लावलेलं तोंड : गिरणीतला भेदभाव नेमका कुणाला परवडला?

मंडळी, आजची पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री सवडीने वाचा. फक्त अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

फेब्रुवारी आला की आपल्या मनमाडात १९३८ च्या परिषदेची आठवण निघते. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८. जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी इथेच सांगितलं. ही ओळ आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सगळ्याच जातींत मुरलेली आहे, हा खुलासाही त्यांनी तिथेच केला होता. तो मात्र बॅनरवर येत नाही. जागा पुरत नसावी.

माझं लक्ष दरवेळी त्या भाषणाच्या मधल्या भागाकडे जातं. तिथे बाबासाहेब एखाद्या हिशेबनिसासारखे बोलतात. रेल्वेत आपला माणूस कुठे आहे? गँगमन म्हणून रुळावर. किती दिवस? जन्मभर. त्याला पोर्टर का करत नाहीत? कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामंही करून घेतो, मग घरात अस्पृश्य कसा चालेल? कारखान्यात मेकॅनिक का नाही, मेकॅनिक झालाच तर त्याच्या वरची जागा का नाही? आणि मुंबईच्या कापड गिरणीत तो विणाई खात्यात का नाही?

आधीच्या प्रश्नांमध्ये कुठे ना कुठे साहेब, मास्तर, मालक येतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मालक नव्हता. उत्तर होतं शेजारच्या साच्यावरचा कामगार. आज त्याच्याबद्दल लिहायचं आहे. कारण मालकाने केलेल्या अन्यायावर आपण भरपूर बोलतो. बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसावर केलेल्या अन्यायाचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

*

आधी गिरणी समजून घेऊ. नव्या पोरांना गिरणी म्हणजे मॉल एवढंच माहीत असतं.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभी करायला घेतली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी असा सगळा पट्टा भोंग्यावर चालायला लागला. माणसं आली कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून, उत्तरेतूनही. अस्पृश्य समाजाची माणसंही आली. १९२१ च्या सुमारास गिरणीतल्या दर शंभर कामगारांत ती साधारण दहा-बारा होती. गावात महारकीचं काम करून भाकरी मागावी लागायची, इथे महिन्याला रोख पगार मिळत होता. जात मागे टाकायची म्हणून कितीतरी जणांनी मुंबई गाठली.

जात मात्र त्यांच्या आधी येऊन गिरणीत बसलेली होती.

गिरणीत कापसापासून कापडापर्यंत अनेक खाती असतात. कापूस फोडायचं, पिंजायचं, सूत काढायचं, कांड्या भरायच्या, विणायचं, रंगवायचं. यातलं सूत काढायचं रिंग खातं हे कमी पगाराचं. विणाई खात्यातला साचेवाला मात्र गिरणीतल्या सगळ्यांत चांगलं कमावणाऱ्या कामगारांपैकी एक. अंगात कसब, कामाप्रमाणे पगार, चाळीत मान. गावाकडे मुलगी देताना लोक विचारायचे, मुलगा साच्यावर आहे का?

अस्पृश्य कामगार मोठ्या संख्येने रिंग खात्यात. विणाई खात्यात प्रवेश नाही. असा कायदा नव्हता, गिरणीच्या दारावर पाटी नव्हती, मालकाने काढलेला हुकूमही नव्हता. फक्त प्रवेश नव्हता.

कारण काय सांगायचे? धोटा.

साच्यावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकराने नवी घालायची आणि तिच्या धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते काढायची पद्धत अशी, की भोकाला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा. धागा भसकन बाहेर येतो. दिवसभर हेच चालायचं. पाळी बदलली, बदली कामगार आला, की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडात. मग अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावायचा? हिंदू विणकरांचा हा आक्षेप, आणि मुसलमान विणकरांचाही हाच आक्षेप. बाकी कितीही बाबतींत दोघांचं पटत नसलं तरी या एका मुद्द्यावर एकमत होतं.

वरवर बघितलं तर धर्माचा, विटाळाचा प्रश्न वाटतो. आता जरा खोलात जाऊ.

*

धोटा तोंडाने ओढायची पद्धत मुंबईची नव्हे. ती इंग्लंडातून यंत्रांबरोबर आली. लँकेशायरच्या गिरण्यांत बायका हेच करायच्या, आणि ते त्यांच्या जिवावर बेतायचं. धूळ, कापसाचे तंतू, रंग सगळं छातीत जायचं, एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जायची, क्षय पसरायची भीती. म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच कायदा करून असा धोटा बंद केला. हाताने धागा ओवता येणारा धोटा तेव्हा निघालेला होता. लँकेशायरमध्ये मात्र ही पद्धत बंद व्हायला १९५२ उजाडलं.

म्हणजे बघा. थुंकीचाच प्रश्न असता तर तो सोडवायचं साधन जगात होतं. मुंबईच्या साचेवाल्यांनी एकमुखाने म्हणायचं होतं, तोंडाने ओढायचा धोटा आम्हाला नको, हाताने ओवायचा द्या. त्यांच्याच छातीचं भलं झालं असतं. विटाळही वाचला असता. पण धोटा बदला ही मागणी जोरात आली नाही. माणूस आत येऊ देऊ नका, हा आग्रह मात्र पक्का राहिला. तेव्हा धोटा हे निमित्त होतं. खरी राखण दाराची होती.

आणखी एक गंमत. विदर्भात, नागपूरकडे, गावोगाव जाडंभरडं कापड विणायचं काम पिढ्यान्‌पिढ्या महार समाजाचे लोक करत होते. ब्रिटिशांच्या नोंदींत ते आहे. ते कापड सगळा गाव नेसत होता, कुणाला विटाळ झाला नाही. म्हणजे हातमागावर कमी पैशात विणलं तर चालतं. साच्यावर चांगल्या पगारात विणायला बसला की विटाळ होतो. विटाळाला पगाराची रक्कम कळते, ती ही अशी.

*

आता १९२८. मुंबईच्या गिरण्यांतला तो प्रचंड संप. एप्रिलच्या शेवटी सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालला, जवळजवळ सहा महिने. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. याच संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, अर्जुन आळवे ही मंडळी पुढे. दुसऱ्या बाजूला ना. म. जोशींची जुनी, मवाळ युनियन. दोघे एकत्र आले आणि सतरा मागण्यांचं पत्रक निघालं.

संप कशासाठी होता? मालकांना त्याच माणसांकडून जास्त काम करून घ्यायचं होतं. दोन साचे चालवणाऱ्याने तीन चालवायचे, रिंगवाल्याने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. आणि विणकरांच्या दरात कपात करायचा त्यांचा बेत होता. विणाई खातं संपाचा कणा होतं, कारण दुखणं तिथे जास्त होतं आणि ताकदही तिथेच जास्त होती.

आता रिंग खात्यातल्या त्या दहा-बारा टक्क्यांच्या जागी उभे राहा. सहा महिने पगार नाही. वाण्याची उधारी, चाळीचं भाडं थकलेलं, बायकोच्या अंगावरचं मणी-डोरलं गहाण. हे सगळं सोसायचं, आणि त्यातला मोठा वाटा कशासाठी? ज्या खात्यात पाऊल ठेवायची परवानगी नाही, त्या खात्याचे दर टिकावेत म्हणून. अडवतोय कोण, तर शेजारी मोर्चात घोषणा देणारा.

बाबासाहेब तेव्हा मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. महाडचा सत्याग्रह होऊन वर्षच झालं होतं. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना सरळ विचारलं, की विणाई खातं आमच्या माणसांना खुलं व्हावं ही मागणी तुमच्या यादीत आहे का? नव्हती. नसेल तर आमच्या लोकांना संपात राहा असं मी सांगणार नाही, असं त्यांनी बजावलं. पुढाऱ्यांची अडचण झाली. मागणी घ्यावी तर साचेवाले नाराज, न घ्यावी तर रिंग खातं फुटणार. शेवटी नाखुशीने मागणी घेतली गेली.

पुढे हा सगळा वाद फॉसेट समितीपुढे गेला, आणि तिथे जे झालं ते वाचताना आजही मान खाली जाते. ही मागणी पुढे आली तेव्हा उत्तर मिळालं, की हा अन्याय असेलही, पण त्याला गिरणीमालक जबाबदार नाहीत. आणि ते खरंच होतं! कामगारांनी मालकाकडे न्याय मागायचा, आणि मालकाने तो अन्याय कामगारांच्याच पदरात परत टाकायचा. मालकाला याहून स्वस्त विजय कुठला मिळणार?

दुसऱ्या वर्षी, १९२९ मध्ये, पुन्हा संप झाला. या वेळी बाबासाहेबांनी विरोध केला आणि आपल्या लोकांना कामावर जायला सांगितलं. लाल बावट्याचे मोठे पुढारी तोवर मीरत कटाच्या खटल्यात अटकेत होते. संप फसला. फसण्याची कारणं बरीच होती, सगळा दोष एकावर टाकण्यात अर्थ नाही. पण ज्यांना तुम्ही साच्याजवळ फिरकू दिलं नाही, ते तुमच्या साच्यासाठी पुन्हा उपाशी का राहतील, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

*

थोडं अर्थशास्त्र. घाबरू नका, आकडेमोड नाही.

गॅरी बेकर नावाचा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ. त्याचं भेदभावाच्या अर्थशास्त्रावरचं पुस्तक १९५७ मध्ये आलं, पुढे १९९२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याने भेदभावाचे तीन उगम वेगळे केले : मालक, गिऱ्हाईक आणि सहकारी.

मालक भेदभाव करत असेल तर, बेकर म्हणतो, बाजार त्याला दंड करतो. जात बघून माणूस नाकारणारा मालक चांगला माणूस गमावतो, जास्त पगार मोजतो. शेजारचा, जात न बघणारा मालक स्वस्तात माल काढतो आणि पहिल्याला मागे टाकतो. निदान कागदावर तरी असं होतं.

सहकाऱ्याचं तसं नाही. समजा मला अमक्याच्या शेजारी काम करायचं नाही. मालक म्हणाला कर, तर मी म्हणतो दोन रुपये जास्त दे. मालक काय करेल? दोन रुपये देण्यापेक्षा तो दोघांना वेगळ्या खात्यात टाकेल. खर्च वाचला, तक्रार मिटली. म्हणजे इथे बाजार भेदभाव पुसत नाही. बाजार भिंत बांधतो. नफ्याच्या मागे असलेला, मनात काहीही आकस नसलेला मालकसुद्धा हेच करेल, कारण त्याला ते सोयीचं आहे.

बेकरच्या गणितात भिंतीच्या दोन्ही बाजू सारख्या असल्या तर पगारही सारखाच राहतो. पण गिरणीत बाजू सारख्या नव्हत्या. एका बाजूला साचा, दुसऱ्या बाजूला रिंग. इथे दुसरी गोष्ट लागू पडते. एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये स्त्रियांच्या पगाराबद्दल लिहिताना ती सांगितली, आणि पुढे बार्बरा बर्गमन या अमेरिकन बाईंनी १९७१ च्या सुमारास काळ्या कामगारांच्या बाबतीत ती मांडली. एका समाजाला चार-दोन कामांतच कोंबलं की तिथे गर्दी होते. गर्दी झाली की पगार पडतो. आणि ज्या कामाचं दार त्यांना बंद, तिथे माणसं कमी, म्हणून पगार चढा. म्हणजे रिंगवाल्याचा पगार कमी असण्यात आणि साचेवाल्याचा जास्त असण्यात त्या बंद दाराचाही हात होता. विटाळाची भाषा देवळातली, पण काम ती मक्त्यासारखं करत होती.

मग मालकाने दार का उघडलं नाही? अस्पृश्य विणकर घेतले असते तर मजुरी खाली आणता आली असती. या प्रश्नाचं उत्तर जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये जातीवरच लिहिताना दिलं. जातीचा नियम मोडणाऱ्याला एकट्याला शिक्षा होते, आणि बाकीचे नियम पाळतात ते याच भीतीपोटी. एका गिरणीने दार उघडलं तर तिचं विणाई खातं दुसऱ्या दिवशी बंद. सूत पडून, कापड नाही, ऑर्डर गेली. फायदा उद्याचा, नुकसान आजचं. पहिलं पाऊल कुणी टाकायचं?

शिवाय मुकादम. गिरणीत माणूस भरायचा तो जॉबर किंवा मुकादम. तो आणणार आपल्या गावचा, आपल्या भावकीतला, खानावळीतला. जागा रिकामी झाल्याची बातमीच मुळी जातीच्या वर्तुळात फिरायची. अडवायचीही गरज नव्हती, सांगायचं नाही म्हणजे झालं. साच्याचं काम शिकायचं तर कुणाच्या तरी हाताखाली शिकावं लागे. शिकवणारा भेटलाच नाही तर कसब कुठून येणार? मग वीस वर्षांनी म्हणायला मोकळे, या लोकांना विणकाम जमतच नाही.

आणि विभागलेले कामगार मालकाला कधी नको असतात?

*

कुणाला वाटेल, हे आपल्या देशातच. तसंही नाही.

दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणीत गोरे कामगार होते आणि त्यांच्या कितीतरी पट काळे. चांगल्या पगाराची कामं गोऱ्यांसाठी राखीव. १९२२ मध्ये सोन्याचा भाव पडला, तेव्हा खाणमालकांनी काही कामं काळ्यांना कमी पगारात द्यायचं ठरवलं. गोरे कामगार संपावर गेले, बंदुका निघाल्या, सरकारने विमानं आणि तोफा वापरून तो उठाव मोडला. त्या संपातल्या एका फलकावर जगातल्या कामगारांनी एक व्हावं असं आवाहन होतं, आणि कशासाठी, तर गोऱ्यांच्या दक्षिण आफ्रिकेसाठी लढायला. पुढे सरकार बदललं आणि १९२६ मध्ये वर्णाची ती भिंत कायद्याने पक्की करण्यात आली. म्हणजे लढाईत हरलेले गोरे कामगार मतपेटीतून जिंकले. काळ्या कामगाराला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहर, ऑगस्ट १९४४. महायुद्ध ऐन भरात. शहरातल्या ट्रामवर आठ काळ्या कामगारांना चालक म्हणून प्रशिक्षण द्यायचं ठरलं. फक्त आठ! गोऱ्या कामगारांनी सगळी वाहतूक बंद पाडली, युद्धसामग्रीचे कारखाने अडले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी थेट लष्कर पाठवलं. कामावर या, नाहीतर नोकरी जाईल आणि सैन्यात भरती व्हावं लागेल, असं बजावल्यावर आठवड्याच्या आत संप मिटला. ते आठ जण ट्राम चालवायला लागले आणि शहर बुडालं नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक कळतं. सहकाऱ्यांची भिंत आपोआप पडत नाही. बाजार पाडत नाही, नफा पाडत नाही. बाहेरून कायद्याचा जोर लागतो, नाहीतर आतून संघटनेचा.

आतून जोर लागला तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. ७ नोव्हेंबर १९३८. मनमाडच्या परिषदेला नऊच महिने झाले होते. संपाच्या हक्कावर गदा आणणारं औद्योगिक कलहाचं विधेयक मुंबई सरकारने आणलं. त्याविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले आणि एक दिवसाचा मोठा संप झाला. म्हणजे एकत्र यायला बाबासाहेबांचा विरोध कधीच नव्हता. जातीचं काढलं की कामगारांची एकी फुटते, असं त्यांना पुढारी सांगत. मनमाडला त्यांनी दिलेलं उत्तर साधं होतं : एकी फोडतो तो अन्याय, अन्याय बोलून दाखवणारा नव्हे. एका कामगाराने दुसऱ्याचे हक्क अडवायचं सोडलं, की एकी आपोआप होईल.

*

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली, १९५५ मध्ये तिच्यासाठी शिक्षेचा कायदा आला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली शेवटचा मोठा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि त्यातली बहुतेक पुन्हा आत गेलीच नाहीत. साचा गेला, रिंगही गेली. जे दार इतकी वर्षं राखलं, ते दारच राहिलं नाही. गिरणीच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले तेव्हा कोण विणाईतला आणि कोण रिंगमधला, हे बिल्डरने विचारलं नाही.

मग आता हे उकरून काढायचं कशाला? काही मित्र हमखास विचारणार. म्हणून सांगतो.

वीसेक वर्षं मी या भागात बातम्या करतोय. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका कारखान्यात गेलो होतो. नाव लिहीत नाही. सगळं स्वच्छ, चकचकीत, भिंतीवर कामगार ऐक्याचं पोस्टर. मशीनच्या लाइनवर एका बाजूच्या गावांची पोरं, लोडिंगला दुसऱ्या वस्तीची. जेवणाच्या सुट्टीत डब्यांची वर्तुळंही तशीच. सुपरवायझर भला माणूस. मी विचारलं तर म्हणाला, "आम्ही जात बघत नाही हो साहेब. पण एकदा मिसळून बघितलं तर रोज कुरबुर. वेगळे ठेवले की काम सुरळीत चालतं." बेकरचं पुस्तक त्याने वाचलेलं नव्हतं. पण त्यातलं एक प्रकरण त्याने मला दोन वाक्यांत सांगून टाकलं. लाइनवरचा आणि लोडिंगचा पगार सारखा आहे का, हे विचारल्यावर मात्र तो हसला आणि चहा मागवला.

ओडिशातल्या खेड्यांतल्या मजुरांवर झालेला एक अलीकडचा अभ्यास आहे. मजुरांना विचारलं, की दुसऱ्या जातीचं समजलं जाणारं काम फक्त दहा मिनिटं कराल का, दिवसाच्या मजुरीच्या दहापट पैसे देतो. शंभरातल्या चाळीसहून जास्त जणांनी नकार दिला. दहा मिनिटांसाठी दहा दिवसांची मजुरी! हातावर पोट असलेल्या माणसाने ती सोडली. भेदभावाची किंमत फक्त ज्याच्यावर तो होतो त्यालाच पडते असं समजू नका. करणाराही भरत असतो, त्याला फक्त पावती मिळत नाही.

आणि गेल्या दोन वर्षांत आपल्या महाराष्ट्रात काय चाललंय ते मी सांगायला नको. आरक्षणाच्या भांडणात खेड्यापाड्यांत दुकानं वाटली गेली, सलूनं वाटली गेली. २०२५ मध्ये बीडच्या पोलीस दलाला ठरवावं लागलं, की टेबलावरच्या पाटीवर आडनाव नको, एकमेकांना नावानेच हाक मारायची. एकाच खात्यात, एकाच वर्दीत, एकाच पगारपत्रकावर असणाऱ्या माणसांना हे सांगायची वेळ आली. मला तो निर्णय चांगला वाटला. आडनाव काढल्याने जात जात नाही हे कबूल, पण निदान रोज सकाळी टेबलावरून ती ओरडत तरी नाही.

आपल्या गावाचं म्हणाल तर गाव रेल्वेवर वाढलं, वर्कशॉपवर वाढलं, धान्याच्या गोदामावर वाढलं. म्हणजे हे गाव एकत्र काम करणाऱ्या माणसांनी उभं केलं. आता कायम नोकऱ्या आटल्या, ठेकेदार आले. दहा जागांसाठी दोनशे पोरं उभी असतात. अशा वेळी प्रत्येकाला वाटतं, आपल्या माणसापुरतं दार राखून ठेवावं. ठेकेदाराला याहून हवं तरी काय? पन्नास रुपये मजुरी वाढवा म्हणून दोनशे पोरं एकत्र आली तर त्याला घाम फुटेल. पण 'त्यांची' टोळी आणि 'आमची' टोळी अशा दोन टोळ्या असल्या, की तो आज याला बोलावतो, उद्या त्याला. दर तोच. कधी कधी त्याहून कमी.

१९२८ च्या साचेवाल्याला कुणीतरी तेव्हाच विचारायला हवं होतं : बाबा रे, धोटा राखून तुझ्या हाती काय आलं? विटाळ टळला, पण सहा महिन्यांच्या संपानंतर मालक समितीपुढे निर्धास्त बसला, कारण तुझी फट त्याला दिसली होती. तू ज्याला बाहेर ठेवलंस तो तुझा प्रतिस्पर्धी होण्याआधी तुझा सोबती होता.

तुमच्या कामाच्या ठिकाणी उद्या जरा बघा. चांगली पाळी कुणाला मिळते, जड काम कुणाच्या वाट्याला येतं, नव्या पोराला मशीन शिकवायला कोण पुढे होतं आणि कुणाला शिकवायचं टाळलं जातं. मालकाने काय केलं ते सोडा, ते आपण रोजच बोलतो. आपण काय केलं, ते बघा.

कमेंटमध्ये जातीवरून शिवीगाळ नको, डिलीट करीन. तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी गिरणीत किंवा रेल्वेत होतं का, कुठल्या खात्यात होतं, आणि त्याच खात्यात का होतं, ते मात्र जरूर लिहा. खातं आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा. ती पिढी आता फार दिवस नाही.